टाकीवरची पिवळी चादर

प्रिय मोजपट्टी,

काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी फोनमध्ये अडवून ठेवलेला तुझा नंबर पुन्हा मोकळा केला, आणि त्या मिनिटापासून मी पूर्वीचा राहिलो नाही. लगेच डोळे फिरवू नकोस. मला माहीत आहे, कागद हातात धरून तू आत्ता ओठ दाताखाली दाबला असशील आणि मनात म्हणाली असशील, 'झालं याचं सुरू.' झालंच सुरू. पण या वेळी ते प्रेमपत्र नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी काय झालं ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस, आणि बाकीचं वाचल्याशिवाय ते नीट कळणार नाही. पाच वाजता ट्रक येतोय. आत्ता पावणेतीन झालेत. म्हणजे हातात सव्वादोन तास आहेत, आणि तुला ठाऊक आहे, मला दोन पानी निबंधाला तीन तास लागायचे. त्यातले अडीच तुझ्याकडे बघण्यात जायचे ती गोष्ट वेगळी.

ट्रक कशाला, ते आधी. मामा मधमाश्यांच्या पेट्या घेऊन चाललेत. बेचाळीसपैकी उरलेल्या तेवीस. डोंगरापलीकडे त्यांच्या ओळखीच्या एकाचं रान आहे, तिथे, आणि परत यायचं नाही असं ठरवून. पेट्यांबरोबर आज मी आणि मामा जाणार, मामी पुढच्या आठवड्यात भांडीकुंडी घेऊन येणार. सव्वीस वर्षं या पेट्या तुझ्या बाबांच्या मळ्याच्या कडेला होत्या. तुझ्यामाझ्या जन्माच्या आधीपासून. सव्वीस वर्षांत दोघांनी एकमेकांना 'अहो मधवाले', 'अहो मळेवाले' सोडून दुसरी हाक मारली नाही, आणि मला वाटायचं, एवढी जवळची माणसं इतकं लांबून कसं बोलतात. आता सोळा दिवस झाले, दोघं बोललेले नाहीत. मामांना वाटतं, तुझ्या बाबांनी निरोप न देता फवारणी केली. पाच वाजता ट्रक निघाला की हेच कायमचं खरं होऊन बसेल.

मी मध काढायच्या खोलीत बसून लिहितोय. तू शेवटची आलीस तेव्हा इथल्या पिंपाला हाताने फिरवायचं हँडल होतं आणि चार फेऱ्यांत तुझा खांदा दुखला होता. आता मोटर बसवलीय. या हंगामात ती एकदाच चालली. खिडकीखाली एकोणीस रिकाम्या पेट्या एकावर एक रचल्यात. मी त्या सोड्याच्या पाण्याने घासल्या, उन्हात वाळवल्या, तरी त्यांना वास येतो. मधाचा, आणि त्याच्या मागे आणखी कसला तरी, जो कदाचित माझ्या नाकातच राहिलाय. चौकटींमधलं मेण वितळवू नकोस म्हणाले मामा, त्यात काय उतरलंय कोण सांगणार. म्हणून सगळ्या चौकटी तशाच कोपऱ्यात, पोळ्यासकट. पूर्वी या खोलीत बसलं की भिंतीपलीकडून गुणगुण यायची, इतकी सतत की ती ऐकू येतेय हेही कळायचं नाही. आता घड्याळ ऐकू येतं. या घड्याळाला आवाज आहे हे मला दीड वर्षात पहिल्यांदाच कळलं.

तुला चादर आठवते? तुमच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीला बांधायची पिवळी चादर. मी शाळेच्या सुट्टीत मामांकडे यायचो तेव्हा पहिल्याच दिवशी मामांनी मला ती दाखवली होती. म्हणाले, "ती वर चढली की उद्या पहाटे मळ्यात औषध मारणार. मग आपण उजाडायच्या आत उठायचं, पोती भिजवायची, प्रत्येक पेटीच्या दारावर टाकायची आणि दुपार होईपर्यंत पोरींना घरातच कोंडायचं. कितीही ओरडल्या तरी." एवढाच काय तो दोघांमधला करार. त्यांनी सांगायचं, यांनी झाकायचं. कागद नाही, सही नाही. आणि चादर बांधायला कोण चढायचं, तर तू, दोन वेण्या घालून, चपला खाली काढून. मी कुंपणापाशी उभा राहून बघायचो. एका सुट्टीत तू तीन दिवसांत दोनदा चादर बांधलीस आणि मामांनी बिचाऱ्यांनी दोन्ही वेळा पोती भिजवली. दुसऱ्या वेळी फवारणी नव्हतीच. माझी सुट्टी संपत आली होती आणि तुला मी कुंपणापाशी यायला हवा होतो. तुझ्या बाबांनी तुला केवढं झापलं! म्हणाले, "ही चादर म्हणजे खेळ नाही. पुन्हा खोटी बांधलीस तर मधवाले खऱ्या वेळीही झोपून राहतील." मी कुंपणाआड खाली बसून हसत होतो. मला तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी गंमत वाटली होती.

मग आपण दोघं कॉलेजात गेलो, एकाच वर्गात, आणि तुझं मोजणं सुरू झालं. दुसऱ्या वर्षीचा तो प्रयोग मी मरेपर्यंत विसरणार नाही. शंभर माश्या. पन्नास नुसत्या साखरपाण्याच्या, त्यांच्या पाठीवर निळा ठिपका. पन्नासांच्या साखरपाण्यात औषधाचा अंश, शेतातल्या फुलातून मिळेल तेवढाच, त्यांना पांढरा ठिपका. गवताच्या काडीने ठिपके द्यायचं काम माझं, कारण तुझा हात थरथरायचा. मग डबा घेऊन सायकलवरून किलोमीटरभर लांब जायचं, सोडून द्यायच्या, आणि पेटीच्या दारात वही घेऊन बसायचं. निळ्या चव्वेचाळीस परत आल्या. पांढऱ्या एकोणतीस. मेल्या नव्हत्या त्या, तू मला समजावलंस, उडत होत्या, फुलांवर बसत होत्या, फक्त घर कुठल्या दिशेला ते बहुधा त्यांना लागत नव्हतं. अंधार पडेपर्यंत तू दाराशी बसून राहिलीस, अजून एखादी पांढरी येईल म्हणून. मी तुझ्या शेजारी बसलो होतो आणि त्या न आलेल्या माश्यांचे मनातल्या मनात आभार मानत होतो.

पण मी मीच. वहीत निष्कर्षाच्या जागी मी ठळक अक्षरात लिहिलं, 'हे विष आहे, सिद्ध झालं.' सरांनी लाल शाईने काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'निष्कर्ष घाईचा. शक्यता दिसते. पुन्हा मोजा.' तूही तेच म्हणालीस. ऊन, वारा, डब्यातली घुसमट, आपण एकदाच केलेला प्रयोग, असं काय काय सांगत होतीस. मला फक्त ती लाल रेघ दिसत होती. भर वर्गात मी वही फाडली आणि सरांच्या टेबलावर टाकली. प्राचार्यांनी काय मागितलं होतं माझ्याकडून? एक वाक्य. सरांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं, की प्रकरण मिटलं. तू तीन दिवस माझ्या मागे फिरलीस. मी नाही म्हणालो. मी कॉलेजच सोडलं. घरी आमच्या पिताश्रींनी विचारलं, "कॉलेज सोडलंस तर घरात कशाला आलास?" मग घरही सोडलं. मामांनी काहीच विचारलं नाही. एक जाळीची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही डोक्यावर बसते का बघ."

दीड वर्षापूर्वी मी इथे आलो तेव्हा शिडीवर तुझे बाबा चढत होते. गुडघे धरून, एकेक पायरी. मी मामांना म्हणालो, हे काय, आजच्या काळात चादरी कसल्या वाळत घालता, मळेवाल्यांनी माझ्या फोनवर निरोप पाठवावा, मी पोती टाकतो. मामा स्वतः फोनला हात लावत नाहीत. म्हणतात, कानाशी गुणगुणणारं एक खातं मला पुरे आहे. दोघांना पटलं. तुझ्या बाबांनी तर माझी पाठ थोपटली, "पोरगं डोकेबाज आहे हो, मधवाले." चादर फाडून पंप पुसायला घेतली. खरं सांगू? मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी नव्हती. त्या शिडीवर तुझ्याशिवाय दुसरं कुणी चढलेलं मला बघवत नव्हतं. एवढ्यासाठी मी सव्वीस वर्षांची चादर उतरवली.

आता तो शुक्रवार. तू चार दिवसांसाठी घरी आली होतीस, तुझ्या फोनची काच फुटली होती, म्हणून तू बाबांच्या फोनवरून बोललीस. मी लग्नाचं विचारलं होतं ना, त्याचं उत्तर द्यायला. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. तू म्हणालीस, "तू रागावलास की तुला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. माझं आयुष्य मी एका बहिऱ्या माणसाबरोबर कसं काढू? तुला कधी 'माझं चुकलं' म्हणता आलं ना, तर फोन कर." मी फोन केला नाही. फोन ठेवल्या ठेवल्या तुझा नंबर अडवून टाकला. शिक्षा म्हणून. मला वाटलं, तू रोज करशील, लागणार नाही, रडशील. वेडाच आहे मी. दुसऱ्या दिवशी तू कॉलेजला परत गेल्याचं मामीकडून कळलं आणि त्यानंतरचे दोन दिवस मी पेट्या उघडत होतो, चौकटी बघत होतो, पण हात कुणाचे आणि डोळे कुणाचे ते मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सव्वासातला मी चहाचा कप घेऊन पेट्यांकडे गेलो. लांबून वाटलं, पेट्यांसमोर कुणी तरी भुसा सांडून गेलंय. जवळ गेलो तर भुसा हलत होता. तू आकडे मागशील, आकडे मी नंतर देतो, आधी जे दिसलं ते लिहू दे. काही माश्या पाठीवर पडून स्वतःभोवती गरगर फिरत होत्या, काहींची जीभ बाहेर आली होती, काही गवताच्या पात्यावर चढायच्या आणि पंख फडफडवून पुन्हा खाली पडायच्या. आणि ज्या कशाबशा मळ्याकडून परत येत होत्या त्यांना दारावरच्या राखणदार माश्या आत घेत नव्हत्या, ढकलून देत होत्या. अंगाला वेगळा वास येत असावा. आपल्याच घराच्या दारात. मी मामांना हाक मारली ती कशी मारली मला आठवत नाही, मामी म्हणते कुणी मेल्यासारखी. मामा आले, त्यांनी डोक्यावरची जाळी काढून ठेवली, गुडघ्यावर बसले आणि एकेका पेटीला कान लावत गेले, आजारी मुलाच्या छातीला लावावा तसा. मळ्याच्या कडेच्या बेचाळीसही पेट्या त्यांनी ऐकल्या. अकराव्या पेटीपाशी म्हणाले, "ही आहे अजून." मग पुढच्या पेटीकडे सरकले. चहाचा कप माझ्या हातातच होता.

मी धावत तुमच्या अंगणात गेलो. तुझे बाबा फवारणीचे डबे धूत होते, यंत्रवाला निघायच्या तयारीत होता, दोन शेजारी उभे होते. तुला कुणी सांगितलं असेलच, पण ते माझ्या हाताने लिहायला हवं. मी त्यांना खुनी म्हणालो. ते आधी घाबरून मामांना काही झालं का विचारत होते. मग म्हणाले, "अरे, पाठवला की मी निरोप काल संध्याकाळी. तीनदा फोनही लावला, एकदा वाजून कट होत होता. म्हटलं निरोप गेलाय, आता पोरगं झोपलं असेल." मी माझा फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. दाखवा कुठे आहे निरोप. त्यात काहीच नव्हतं. त्यांचा तो जुना बटणांचा फोन, त्यात पाठवलेलं काही साठत नाही. ते बटणं दाबत राहिले, चष्मा वर-खाली करत, ओला हात सदऱ्याला पुसत. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "डोकं ठिकाणावर नसेल तर मळा विका आणि घरात बसा." ते फोनकडे बघत राहिले. तेवढ्यात मामा मागून आले. त्यांनी मला फक्त एकदा विचारलं, "निरोप आला होता का? नीट आठवून सांग." मी म्हणालो, नाही. मामा तुझ्या बाबांकडे वळून म्हणाले, "मग नाही." बस. तेवढ्या दोन शब्दांत ते सव्वीस वर्षं ओलांडून माझ्या बाजूला आले.

एक गोष्ट लिहू का नको असं मघापासून चाललंय. लिहितो. 'एकदा वाजून कट होत होता' हे ते म्हणाले ना, तेव्हा ते मला कुठे तरी ओळखीचं वाटलं होतं. अगदी क्षणभर. मी आणखी मोठ्याने ओरडलो, आणि ते वाटायचं थांबलं.

त्यानंतरच्या दिवसांचं तू विचारशील. पहिल्या दिवशी फावड्याने भरून घमेल्यात घ्याव्या लागल्या. अकरावी पेटी मात्र तगली. ज्या पेट्या त्या दिवशी वाचल्यासारख्या वाटल्या त्यातल्याही काही हळूहळू रिकाम्या होत गेल्या. आतल्या माश्या मेलेल्या अळ्या ओढून बाहेर टाकत होत्या, ऊब द्यायला पुरेशा अंगांची दाटी उरली नव्हती. सकाळी गेलेल्यांपैकी किती तरी संध्याकाळी येत नव्हत्या. मी तुझ्यासारखा दाराशी बसून मोजायचो. कितींवर ठिपका द्यायला हवा होता ते आता कळून काय उपयोग. एकूण एकोणीस पेट्या गेल्या. तपासणीवाल्या बाई येऊन डबीत मेलेल्या माश्या घेऊन गेल्या. अहवालात लिहिलंय की औषधाचा अंश सापडला, मृत्यू त्यानेच झाल्याची दाट शक्यता, आधीपासून थोडं थोडं पोटात जाऊन त्या अशक्त झाल्या असण्याचीही शक्यता, शिवाय दोन पेट्यांत माश्यांच्या अंगावर जगणारी गोचीड. मी बाईंशीसुद्धा भांडलो. म्हटलं, शक्यता शक्यता काय लावलंय, माणूस समोर उभा आहे, त्याने मारल्या. बाई म्हणाल्या, "माश्या कशाने मेल्या ते मी सांगू शकते. कुणामुळे मेल्या हे डबीत दिसत नाही." मला ते उद्धट वाटलं होतं.

काल सकाळी अकरा वाजता तुझे बाबा आले. चालत, काठी घेऊन. फाटकाबाहेरच थांबले. हातात पिशवी, त्यात दोन काकड्या, सवयीने आणलेल्या. दोन्ही एका बाजूला वाळून वाकड्या झालेल्या, कारण फुलांवर पुरेशा माश्याच गेलेल्या नाहीत. मामा आत पेट्यांना दोर लावत होते, ते बाहेर आले नाहीत. मामी पाणी घेऊन गेली. तुझे बाबा मामीशी बोलत होते, पण आवाज आतपर्यंत जाईल असा. "मधवाल्यांना सांगा, बहुतेक माझंच चुकलं. मी मनातल्या मनात पाठवला असेल निरोप, बटण दाबायचं राहिलं असेल. हल्ली पंपाचा नळ बंद केला का हे बघायला मी तीनदा उठतो. शनिवारी पोरगी येतेय, डोक्याच्या डॉक्टरला दाखवणार म्हणते." मग म्हणाले, "काकड्या चांगल्या नाहीत, पण घ्या." मामांचे हात दोरावर थांबले. मला वाटलं, आता जातील बाहेर. पण ते हात पुन्हा चालू झाले. मी पाण्याच्या पिंपामागे उभा होतो. तू मला दीड वर्ष जे म्हणायला सांगत होतीस ते तुझे बाबा म्हणून गेले. सरळ, कुठेही न अडखळता, आणि न केलेल्या चुकीसाठी.

तेव्हासुद्धा मला ठाऊक नव्हतं, शप्पथ. दुपारी मी फोन हातात घेतला तो पश्चात्तापाने नाही. शनिवारी तू येणार हे कानावर पडलं होतं, आणि मी गुरुवारीच जाणार होतो. म्हटलं, जाण्याआधी एकदा आवाज ऐकावा. ती अडवलेल्या नंबरांची यादी उघडली. तिथे तुझा एकटीचा असायला हवा होता. दोन होते. शुक्रवारी नकार ज्या नंबरवरून आला तोही मी अडवला होता, रागाच्या त्याच झटक्यात, 'मळेवाले' हे नाव समोर दिसत असताना. त्या वेळी मनात आलं होतं, दोन दिवसांनी काढू. मग विसरलो. तुझा नंबर मोकळा केला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अडवलेले निरोप फोन वेगळ्या कप्प्यात ठेवतो, हे मला माहीतच नव्हतं. त्यात तुझ्या बाबांचा निरोप होता. सोमवार, संध्याकाळी सहा चाळीस. जसाच्या तसा उतरवतो: 'उद्या पहाटे फवारणी. पेट्या झाका. दुपारी दोननंतर उघडा. दोन दिवस दिसला नाहीस. जेवतोस ना वेळेवर.' खाली सात वाजेपर्यंत तीन फोन. आणि मोजपट्टी, तुझा त्यात एकही निरोप नव्हता. एकोणीस दिवस मी तुझं तोंड बंद करून बसलोय अशा तोऱ्यात होतो, आणि तू काही बोलतच नव्हतीस.

काल तीन दहापासून आत्तापर्यंत मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. निरोपाखाली 'पुसून टाका' असं लिहिलेलं असतं, त्यावर मी किती वेळा अंगठा नेला ते मोजलेलं नाही, तू असतीस तर मोजलं असतंस. पुसला असता तर जगात कुणालाच कळलं नसतं. रात्री जेवताना मामा म्हणाले, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर संशय घेतला, आणि बघ, त्यानेच येऊन कबूल केलं. खोटं बोलत नाही तो माणूस." मी खाली मान घालून आणखी वाढून घेतलं. मामांशिवाय मला आता दुसरं दार नाही. आईवडिलांचं मी लावून आलो, कॉलेजचं लावलं, तुझं तू लावलंस, तेही बरोबर. हे एक उघडं होतं.

आता चार वाजून वीस मिनिटं झालीत. मामा बाहेर पोती भिजवतायत, प्रवासात पेट्यांची दारं झाकायला. तीच पोती. पाणी पडल्याचा आवाज इथवर येतोय. हे पत्र मी तुला परत मिळवायला लिहिलेलं नाही, तसं वाटत असेल तर त्यातलं तेवढं खोडून वाच. 'माझं चुकलं' हे मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही, आणि ते आधी कागदावर तरी जमतं का, हे मला बघायचं होतं. माझं चुकलं. तुझ्या बाबांचं काहीही चुकलेलं नाही. त्यांनी बटण दाबलं होतं, त्यांचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठिकाणावर आहे, शनिवारी त्यांना कुठल्याही डॉक्टरकडे नेऊ नकोस. आधी अंगणात मामांना सांगतो, फोन त्यांच्या हातात देतो. ते काय करतील मला माहीत नाही. ट्रक थांबेल का, मला फाटकाबाहेर काढतील का, की नुसतेच बघत राहतील; ते शेवटचं सगळ्यात वाईट. मग चालत तुमच्या घरी जाणार. यंत्रवाला असेल, शेजारी असतील, तर फार बरं. मी त्यांच्यासमोरच बोललो होतो. मामीकडून एक जुनी पिवळी चादर मागून घेतलीय, ती शिडीपाशी खिळ्याला अडकवून ठेवायला देईन. शनिवारी टाकीवर चादर दिसली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, फवारणी नाही एवढाच तिचा अर्थ. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तुझ्या बाबांच्या हातात देणार आहे. ते तुला मिळालं असेल तर समज की मी तिथवर गेलो. मामांनी पहिली पेटी उचललीय, मी उठतो. दार नीट लावून जायला हवं. मेणाच्या वासाने उरलेल्या माश्या आत शिरतात आणि मग बाहेरची वाट न सापडून काचेवर आपटत राहतात. लावलं.

तुझाच (खोडणार होतो, राहू दे),
काडेपेटी